शिलंगणाची लारी

आदिलाबादला करंटच्या, म्हणजे विजेच्या, ऑफिसात मला नोकरी लागली, त्या दिवसापासून आमच्या गावातल्या बंद पडलेल्या हरेक वस्तूचा मी वारस झालो. खरं सांगतो, ऑफिसात माझा आणि करंटचा संबंध डोक्यावरच्या पंख्यापुरता होता, आणि तो पंखाही उन्हाळ्यात बंदच असायचा. आलेल्या टपालावर शिक्का मारायचा आणि ते ज्याच्या त्याच्या टेबलावर नेऊन ठेवायचं, एवढंच माझं काम. पण तलमडुगूकडचं आमचं ते कापूस-ज्वारीचं गाव. ‘करंटच्या हापिसात हाये’ म्हटल्यावर लोक रेडिओ घेऊन यायचे, टॉर्च घेऊन यायचे, एकानं तर सारखं थरथरणारं वासरू आणलं होतं. मीही कोणाला ‘मला येत नाही’ असं कधी म्हणालो नाही. रेडिओला दोन थापट्या मारायच्या. बोलला तर माझी विद्या, नाही बोलला तर रेडिओचं नशीब. वासरू आपोआप बरं झालं, ते श्रेयही मी नाकारलं नाही.

एवढ्या भांडवलावर मी वडिलांच्या लारीला हात घातला.

लारी वडिलांची आणि त्यांच्या थोरल्या भावाची, म्हणजे आमच्या मोठेबाबांची, सामाईक. लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात निघालेली, लांब नाकाची, पेट्रोलवर चालणारी, पुढून हँडल मारून सुरू करायची सहा सिलिंडरची गाडी. मोठेबाबा शेती बघायचे, वडील लारी चालवायचे. कापूस जिनिंगला न्यायचा, लग्नाची वऱ्हाडं न्यायची, बाळंतीण अडली तर तिलाही न्यायची. वडिलांना गावात कोणी नावानं हाक मारत नसे, ‘लारीवाले’ हेच त्यांचं नाव.

मग तिचा डिस्ट्रिब्युटर झिजला. हे प्रकरण जरा समजावून सांगतो, कारण तेव्हा मलाही ते समजलं नव्हतं. पेट्रोलच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला ठिणगी लागते आणि ती वाटायचं काम हा डबा करतो. आत एक दांडा फिरतो, त्याच्या टोकाला एक बोट असतं. ते बोट फिरता फिरता वरच्या टोपीतल्या सहा भोकांना करंट देत जातं आणि तिथून सहा वायरी सहा सिलिंडरांकडे जातात. पंगतीतला वाढपीच म्हणा. फक्त हा वाढपी ओळीनं वाढत नाही. पहिल्या पानावर वाढलं की भलत्याच पानाकडे पळतो, आणि त्याचा क्रम चुकला की अख्खी पंगत उपाशी उठते.

आदिलाबादच्या एका मिस्त्रीनं मूळचा डबा काढून अवजारांच्या पेटीत टाकला आणि एका जुन्या मोटारीचा बसवून दिला. तेव्हापासून लारी खोकायला लागली. निर्मलच्या घाटात ती भरल्या मालानिशी उभी राहिली, आणि शेवटी आमच्या खळ्यात लिंबाखाली येऊन उभी राहिली ती कायमचीच. तोवर डिझेलच्या लाऱ्या गावोगाव फिरू लागल्या होत्या. वडील रोज संध्याकाळी केबिनीत जाऊन बसायचे, गिअरवर हात ठेवून. जेवायला हाक मारली की म्हणायचे, “येऊन राह्यलो,” जसं काही इचोड्याहून यायचं आहे.

त्या वर्षी भादव्यात मोठेबाबांनी इचोड्याच्या एका कबाड्याला शब्द दिला. दसरा झाला की तो गॅसचं कटर घेऊन येणार आणि लारी जागच्या जागी कापून तिचं लोखंड नेणार. हे त्यांनी ओसरीवर जेवता जेवता सांगितलं.

“अन् मी?” वडिलांनी विचारलं.

“तुयं काय? तुले आदिलाबादले दुसऱ्याच्या लारीवर लावून देतो. डिझेलची हाये. हँडल माराचं काम नाही.”

वडिलांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. उभ्या जन्मात त्यांनी दुसऱ्याच्या गाडीला हात लावला नव्हता. मग म्हणाले, “दादा, दसऱ्याले शिलंगनाच्या टायमाले थे आपल्या पायानं शिवेपार गेली, तं?”

“आपल्या पायानं?”

“कोनी ढकलनार नाही. बैल जुंपनार नाही.”

“गेली तं नाही कापत,” मोठेबाबा म्हणाले. “पन लावनार कोन तिले?”

दसऱ्याच्या संध्याकाळी शिलंगणाला आमचं गाव शीव ओलांडतं, पलीकडच्या शमीची पूजा करतं आणि आपट्याची पानं सोनं म्हणून लुटतं. लारी चालत होती तोवर सगळे तिच्यातच बसून जायचे. म्हणून वडिलांचं बोलणं सगळ्यांना पटलं, आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

“मी लावतो,” मी म्हणालो. “अस्सल डबा पेटीत हाये ना? थोच दुरुस्त करून बसवतो.”

तोंडात घास होता म्हणून एवढ्यावर थांबलो, नाहीतर विमानही बनवतो म्हणालो असतो. वडिलांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर त्यांनी माझ्या मॅट्रिकच्या निकालावरही टाकली नव्हती.

नवरात्राची रजा काढली. डब्यातला दांडा डुगडुगत होता, त्याला आदिलाबादच्या लेथवाल्या खराद्याकडून नवे बुश करून घेतले. ज्यांच्या उघडझापीनं ठिणगी पडते ते आतले पॉइंट घासले. टोपीला केसाएवढी भेग होती आणि त्या भेगेतून करंट पळायचा. तसली टोपी कुठे मिळेना, म्हणून ती निर्मलला एका खेळणी रंगवणाऱ्याकडे नेली. त्यानं भेग भरून वर जाड वॉर्निश चढवलं आणि मनापासून विचारलं, “ऊपर तोता बना दूँ?” पोपट नको म्हणालो. आता वाटतं, पोपट काढून घ्यायला हवा होता, निदान तेवढं तरी धड झालं असतं.

मोटारीचा डबा काढण्याआधी खुणा करायला हव्यात, एवढं शहाणपण मिस्त्रीच्या दारात ताटकळून मला आलं होतं. जुन्या वायरी काही लांब, काही आखूड होत्या, दिसायला गबाळ्या. त्या फेकल्या आणि नव्या सहाच्या सहा एका मापाच्या कापल्या. म्हणजे लांबीवरून कोणती कुठली हे ओळखायची सोय मीच मोडली. मग रंग शोधला, तो नव्हता. आईच्या देवघरातून कुंकू घेतलं, तेलात कालवलं आणि पहिल्या वायरीला एक ठिपका, दुसरीला दोन, असं सहापर्यंत केलं. टोपीच्या भोकांनाही तसेच ठिपके. आतलं बोट कुठे तोंड करून होतं, तिथे इंजिनावर एक रेघ. सगळं पोत्यावर ओळीनं मांडलं आणि डब्याचा उरलेला एक पार्ट, कंडेन्सर, आणायला आदिलाबादला गेलो.

तो दिवस खंडेनवमीचा होता. पार्टच्या दुकानदारानं स्वतःच्या तराजूपासून स्क्रू-ड्रायव्हरपर्यंत सगळ्याची पूजा मांडली होती, ती आटपेपर्यंत त्यानं मला प्रसादावर बसवून ठेवलं. दुपार कलताना घरी आलो, तर खळ्यात उदबत्तीचा वास. लारी न्हाऊन-माखून उभी. झेंडूचा हार. इंजिन सोड्याच्या पाण्यानं धुतलेलं, डबा चिंचेनं घासलेला, वायरी वलणीवर वाळत घातलेल्या. आणि प्रत्येक वायरीला, प्रत्येक भोकाला, प्रत्येक पान्याला कुंकवाचं एकेक गोल, सुबक बोट.

मी वलणीवरची एक वायर ओढून हातात घेतली.

“माय, हे काय केलं तू?”

“काय केलं म्हंजे? खंडेनवमी हाये. हत्यारं धुतली, पुजली.”

“थ्या माया खुना होत्या!”

“तुया खुना? मले वाटलं पूजाच करून राह्यला, अन् अर्धी सोडून गेला. एकीले एक ठिपका, एकीले पाच. देवाच्या कामात असा भेदभाव करते का कोनी? मी सगळ्यायले सारखं लावलं.”

आईनं आयुष्यभर आम्हाला सारखं वाढलं होतं, वायरींशी ती वेगळं का वागेल?

सहा वायरींच्या सहा जागांवर किती तऱ्हा होतात याचं गणित मी भिंतीवर कोळशानं केलं. सातशेवीस. एकेक लावून बघायची म्हटली तर पुढच्या दसऱ्यापर्यंत काम पुरलं असतं, आणि मला एकच दिवस होता. वडिलांना काही सांगितलं नाही. ते केबिनीत बसून काच पुसत होते.

दसऱ्याला सकाळी पहिल्या सिलिंडरचा प्लग काढला, त्या भोकात कापसाचा बोळा बसवला आणि वडिलांना हळूहळू हँडल फिरवायला सांगितलं. आत दाब चढला की बोळा उडतो, तीच वेळ ठिणगीची. हे मला खरोखर ठाऊक होतं. मिस्त्रीच्या दारात नुसत्या माश्या मारल्या नव्हत्या. बोळा टप्पकन उडाला. इंजिन तिथेच ठेवून डबा बसवला, आतलं बोट ज्या भोकाकडे होतं ते भोक पहिल्या सिलिंडरचं. एक लागलं. उरले पाच, आणि त्यांच्या तऱ्हा एकशेवीस.

मी बॉनेटखाली डोकं घालून, गाल इंजिनाला टेकून, रडायला सोयीची जागा शोधत होतो, तेव्हा नाकासमोर काहीतरी दिसलं. इतकी वर्षं ज्यावर बोटभर मळ होता, त्या लोखंडावर आईच्या सोड्यानं ओतीव आकडे उघडे पाडले होते. एक, पाच, तीन, सहा, दोन, चार.

“बाबा! हे आकडे कायचे?”

वडील वाकले. “हे? थो तं कारखान्याचा नंबर असन. पह्यले पह्यले दिसे. मंग मळ बसला.”

“अहो, हाच क्रम हाये! ठिनगी वाढाचा क्रम! सांगतलं काऊन नाही?”

“तू इचारलं काऊन नाही? करंटवाला तू.”

मी त्यांना मिठीच मारायचा, पण दोघांचे हात ग्रीसचे होते. पटापट वायरी लावल्या. पहिल्यानंतर उजवीकडचं भोक पाचव्याचं, मग तिसऱ्याचं, असा गोल फिरत गेलो. वडिलांनी अंगातला सदरा काढून ठेवला, हँडलावर हात फिरवला, कपाळाला लावला आणि मारलं.

लारीनं तोफ डागली. इंजिनातून एक पिवळी जीभ वर आली आणि माझ्या मिशीचा डावा भाग घेऊन गेली. लिंबावरचे कावळे उडाले ते तलमडुगूच्या दिशेनं गेले. वडिलांनी पुन्हा मारलं, पुन्हा तोफ. तोवर सणाचे कपडे घातलेलं निम्मं गाव गोळा झालं होतं आणि मोठेबाबा बाजेवर पाय हलवत बसले होते.

“काय बे, करंट चढला वाटते. तुया मिशीलेच देल्ला का सगळा?”

“पॉइंट जरा पाह्यतो,” मी म्हणालो.

पॉइंट पाहिले. प्लग पाहिले. कंडेन्सर बदलून जुना लावला, जुना काढून नवा लावला. प्रत्येक बदलानंतर वडील हँडल मारायचे आणि प्रत्येक वेळी गाडी शिंकायची, नाहीतर नुसती घरघरायची. आदिलाबादहून भरून आणलेली बॅटरी उतरत चालली होती. दुपार झाली तेव्हा वडिलांचे दंड भरून आले होते, म्हणून हँडल मी घेतलं. ते उलटं फिरून माझ्या मनगटावर असं बसलं की मला त्या उन्हात चांदण्या दिसल्या. गर्दीतलं कोणी हसलं नाही, ते जास्त लागलं. लोक एकेक करून पांगले. कुणीतरी जाता जाता वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला, मयताच्या घरी ठेवतात तसा.

वडील केबिनीत चढले. काचेपाशी टांगलेलं लिंबू सोडलं, सीटखालची त्यांची चादर काढली, तिची नीट घडी केली. मग खाली उतरून माझ्यापाशी आले.

“राहू दे आता.”

“बाबा, एक डाव अजून...”

“तुया हातून नाही होत, तं नाही होत. तू कायले आंग भाजून घेतं? मी दादाले सांगतो. डिझेलची तं डिझेलची.” आणि खांद्यावर पंचा टाकून ते विहिरीवर आंघोळीला गेले. दसऱ्याची आंघोळ त्यांची अजून व्हायची होती. त्यांची चाल मी मागून पाहिली, ती कोणाच्याही मालकीच्या गाडीवर लागू शकणाऱ्या ड्रायव्हरची चाल होती.

वासराच्या वेळी ‘मला येत नाही’ म्हणालो असतो तर आज एवढ्यावर आलं नसतं, असं काहीबाही मनात येत होतं. दुसरं काही सुचेना म्हणून टोपी काढली. वाटलं, आतलं बोटच फिरत नसेल. हँडल पुढून मारायचं आणि डबा बॉनेटखाली बाजूला, म्हणजे बघायला दुसरं माणूस हवं. दिवस कलला होता, आई शमीच्या पूजेला आरतीचं ताट घेऊन निघाली होती, तिलाच उभं केलं. डाव्या हातानं हँडल हळूहळू फिरवलं.

“माय, थे बोट फिरते का पाह्य.”

“फिरते. पन हे काय रे? उलटं जाऊन राह्यलं!”

“उलटं म्हंजे?”

“उलटं म्हंजे उलटं! उलटी प्रदक्षिणा घालून राह्यलं. असं तं मसनात फिरते. सनासुदीचं हे काय बसवलं तू? सुलटं कर आधी त्याले!”

मी हँडल टाकून धावलो. खरंच, बोट डावीकडे फिरत होतं. आणि मी वायरी लावल्या होत्या उजवीकडून. का, तर कधी विचारच केला नव्हता. देवाभोवती उजवीकडून फिरायचं, आरती उजवीकडून ओवाळायची, जातं उजवीकडून फिरवायचं. मग परदेशातल्या कुणा कारखान्यातली लारी तरी दुसरीकडून कशाला फिरेल? तिला आमचा धर्म कोणी शिकवला नव्हता, एवढंच मी विसरलो होतो.

आई ‘सुलटं कर’ म्हणत होती आणि मी सगळ्या वायरी उपटून उलट्या क्रमानं लावत होतो. तिनं ताट घट्ट धरलं आणि देवाची माफी मागायला लागली.

आता हँडल कोण मारणार? माझं मनगट टमाट्यासारखं फुगलं होतं. इतक्यात मोठेबाबा बाजेवरून उठले, धोतर खोचलं आणि हँडल उचललं.

“सर बाजूले. उद्या तं कापाचीच हाये, आज तिची धडपड तं पाहू.”

पहिल्या खेपेला काही नाही. दुसऱ्या खेपेला ती खोकली. तिसऱ्या खेपेला आत काहीतरी गडगडलं, थांबलं, पुन्हा गडगडलं आणि मग सुरूच राहिलं. एक सिलिंडर मधूनच घास चुकवत होतं, पण बाकीची जेवत होती. मोठेबाबा हँडल हातात धरून तसेच उभे. त्यांच्या तोंडावर आनंद होता की फजिती, ते त्यांनाही ठरवता येत नव्हतं.

वडील विहिरीवरून पळत आले. कमरेला ओला पंचा, एका कानाला साबण. कोणाशी बोलले नाहीत, सरळ केबिनीत चढले आणि गिअर टाकला. मी फूटबोर्डावर लटकलो. रस्त्यानं सणाचे कपडे घातलेली माणसं चालत्या लारीत मागून चढत होती, बाया ओरडत होत्या, “लारीवाले, थांबा नं!” पण वडील थांबेनात. शीव आली, शमीपाशी गुरुजी तांब्या घेऊन उभे होते, तेही मागे गेले.

“बाबा, शीव झाली! थांबा!”

“नाही थांबत. बंद पडली तं दादा म्हनन, आपल्या पायानं वापस नाही आली.”

“वापस याचं कोन बोल्लं होतं?”

“दादाचं काय सांगाव?”

मोठ्या रस्त्याला लागल्यावर वळायला ऐसपैस जागा मिळाली, तिथे त्यांनी न थांबता एक लांबलचक वळसा घेतला आणि पूजा न करताच अख्खं गाव शिवेपार जाऊन परत आलं. गुरुजींनी जाताना आणि येताना, दोनदा धूळ खाल्ली.

खळ्यात येऊनही वडिलांनी लारी बंद केली नाही. ओल्या पंचात तसेच बसून राहिले. आईनं सदरा खिडकीतून आत दिला, तो त्यांनी एक हात स्टेअरिंगवर ठेवून घातला. मोठेबाबा आले, खिडकीतून आपट्याची पानं त्यांच्या हातात ठेवली.

“घे सोनं. कर बंद आता, पेट्रोल जळून राह्यलं.”

“अन् कबाडी?”

“सांगतो त्याले नको म्हनून.”

“कवा?”

“उद्या सकाळीच जातो इचोड्याले. आता काय स्टँपावर लेहून देऊ?”

वडिलांनी चावी फिरवली. इंजिन थांबलं. वडील खाली उतरले, थोरल्या भावाच्या पाया पडले. मग माझ्याजवळ येऊन, मोठेबाबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं, “पुन्हा लागन नं रे?”

“लागन की,” मी म्हणालो.

आणि सगळे सोनं वाटण्यात गुंतलेत असं पाहून मी हँडल उचललं, घरात नेलं आणि माझ्या बाजेखाली सरकवून ठेवलं. मोठेबाबा इचोड्याला जाऊन येईपर्यंत तरी ते पुन्हा मारून बघायला कोणाच्या हाती लागू द्यायचं नव्हतं.